गदेला घातलेला हेडफोन

"हेडफोन उत्तम आहे. तासन्‌तास ऐकलं तरी कान दुखत नाहीत. फक्त वापरायला दोन माणसं लागतात."

हा अभिप्राय मी त्या खरेदीच्या साइटवर शुद्ध मराठीत लिहिला, पाचपैकी पाच तारे दिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो काढून टाकला. 'उत्पादनाच्या वापराशी सुसंगत नाही' असा शेरा मारून. मी सरकारी नोकर आहे. सांगलीतल्या एका कचेरीत बसून लोकांच्या अर्जांवर असले शेरे मीच मारत असतो, त्यामुळे ती भाषा मला परकी नाही. पण तोच शेरा आपल्या लिखाणावर आला की झोंबतो. तेव्हा हेडफोन आणि दोन माणसं यांची सुसंगती मी इथे लावून देतो.

हेडफोन माझ्यासाठी नव्हता. घरात आणि कचेरीत मिळून मला इतकं ऐकावं लागतं की वेगळं यंत्र घ्यायची गरज पडलेली नाही. तो होता माझ्या सासऱ्यांसाठी, म्हणजे आष्ट्याच्या आकाराम पैलवानांसाठी. मी त्यांना मामा म्हणतो. आष्ट्याच्या घरात ते एकटेच असत. मेहुणा फौजेत, पार आसामकडे. मध्यंतरी मामा मोरीत पाय घसरून पडले आणि दूध घालायला येणाऱ्या बनुबाईला हाक ऐकू जाईपर्यंत तसेच पडून राहिले. दुसऱ्या दिवशी माझी बायको संयोगिता गाडी घेऊन गेली आणि त्यांना, त्यांच्या ट्रंकेला आणि ट्रंकेत न मावणाऱ्या चांदीच्या गदेला विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आली.

मामांचा पाय महिन्याभरात सुधारला. मन काही सुधारेना. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांच्या मते चारचौघांत मान खाली घालण्यासारखं होतं. सांगलीकडे आपल्या घराला 'आमच्यात' म्हणतात आणि दुसऱ्याच्या घराला 'तुमच्यात'. मी मूळचा खंडाळ्याचा. (सातारा जिल्ह्यातला खंडाळा. लोणावळ्याशेजारचा नव्हे. हे मी लग्न ठरल्यापासून सांगतो आहे आणि तरी सासुरवाडीचे लोक मला चिक्की आणायला सांगतात.) त्यामुळे हे 'आमच्यात-तुमच्यात' मला शिकावं लागलं. मामा माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून मला विचारत, "पावणं, तुमच्यात चमचं कुटं ठेवत्यात?" जावई म्हणजे जन्माचा पाहुणा, त्यामुळे मी 'पावणं' आणि घर 'तुमच्यात'. तीन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहुणे म्हणून राहत होतो.

मामांना एकच नाद, तो म्हणजे कुस्ती. आता खेळायची नव्हे, ऐकायची. जत्रांचा हंगाम सुरू झाला की आमच्या दोन जिल्ह्यांत रोज कुठे ना कुठे मैदान असतं, आणि हल्ली ते मोबाइलवर थेट दिसतं. मामांची नजर अधू झालेली, म्हणून ते बघण्यापेक्षा ऐकत. निवेदक एखाद्या पैलवानाचं कुळ, गाव, तालीम, खुराक सांगत सांगत कुस्ती अशी उभी करतो की बघायची गरजही पडत नाही. ऐकू नीट यावं म्हणून मामा फोन स्टीलच्या पातेल्यात उभा करून ठेवत. पातेल्यातून निघालेला तो आवाज दुपारी बाराला सुरू होई आणि दिवे लागले तरी थांबत नसे.

आमच्या बरोबर खाली रामगोंडा अण्णा राहतात. हळदीचा व्यापार मुलाकडे सोपवून अण्णा आता धर्मध्यानात असतात. दिवसातून तीन वेळा ते जैनांच्या सामायिकाला बसतात, म्हणजे दोन घटका एका जागी, मन शांत ठेवून जप. सोसायटीचे चेअरमन तेच. दुसरा कोणी असता तर नोटीस चिकटवली असती. अण्णा एक दिवस स्वतः वर आले, आमच्या हॉलमध्ये टेकले आणि पाणी, पाऊसपाणी, हळदीचा भाव, लिफ्टचा आवाज असं सगळं बोलून झाल्यावर म्हणाले, "एक सांगू का जयराज? राग मानू नका. जप चालू असतोय. मन लावून बसतोय. आन् मधीच ढाक लागतोय बघा."

ढाक हा कुस्तीतला डाव आहे हे मला तोपर्यंत ऐकून ऐकून कळायला लागलं होतं.

"डोळं मिटलं की दोन पैलवान दिसत्यात," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "चूक पैलवानांची न्हाई. मन माझंच हाललंय. पण जरा आवाजाचं काय जमतंय का बघा."

 मी नुसती मान हलवली. अण्णा गेले आणि मी वळून बघतो तर मामा आतल्या दारात उभे. पातेल्यातला फोन बंद झाला होता.

"संयोगिता," ते म्हणाले, "फुडच्या रव्वारी आपल्या गल्लीतला गुंडा हिकडं लग्नाला येनार हाय जीप घिऊन. त्येच्यासंगट मी जातो आष्ट्याला."

"आप्पा, असं काय करताय?"

"आगं, आपल्यापायी दुसऱ्याचा धर्म मोडाय लागला. ह्येज्यापरास आपलं घर बरं. हितं न ऐकता बसायचं, तर मी करू काय दीसभर?"

 संयोगिताने माझ्याकडे बघितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली की नवऱ्याला अशा बघण्याचा अर्थ बिनचूक कळतो. आष्ट्याची मोरी, ते पडणं आणि बनुबाईची वाट बघणं, सगळं त्यात होतं. तिला बापाच्या जिवाची भीती वाटत होती आणि ती घालवायचं काम माझ्यावर आलं होतं.

"मामा," मी म्हणालो, "रविवारपर्यंत थांबा. मी हेडफोन आणतो. तुम्हाला ऐकू येईल, अण्णांना येणार नाही. मग तरी राहाल ना?"

मामांनी विचार केला. "जमलं तर बघू," ते म्हणाले.

इथून माझा अभ्यास सुरू झाला. कानात घालायची बोंडं बाद होती, कारण मामांचे कान पैलवानाचे. उमेदीच्या काळात मार खाऊन खाऊन सुजलेले आणि तसेच घट्ट झालेले. उजवा निम्मा शाबूत आहे. डावा पार मिटलाय, त्यात बोंड सोडा, कापसाची वातही जाणार नाही. कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन आणावेत तर त्यात घाम येतो, असं आमच्या कचेरीतल्या धनाजीचं म्हणणं पडलं. धनाजी जावक टेबलावर असतो आणि जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला स्वतःचं मत असतं. "कानावर नुसता टेकणारा घ्या," तो म्हणाला. "हलका. वारा खेळता राहतो." मी चार रात्री अभिप्राय वाचले. दिवसभर घातला तरी डोक्यावर आहे हे विसरायला होतं, असं एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने तर तो घालून झोपल्याचं लिहिलं होतं. हे लिहिणाऱ्यांचे कान कसे होते, हे मात्र एकानेही लिहिलं नव्हतं. मी विश्वासाने मागवला.

हेडफोन आला त्या दिवशी पहिला प्रश्न टोपीचा उठला. टोपीवर घालायचा की टोपीखाली? टोपीवर घातला तर टोपीचं टोक दबून मामा होडीत बसल्यासारखे दिसत. टोपीखाली घातला तर टोपी तरंगे. टोपी काढून घाला, असं म्हणायची माझी छाती नव्हती. शेवटी संयोगिताने ती अलगद काढून खुंटीला लावली आणि मी दोन्ही गाद्या मामांच्या कानांवर बसवल्या. उजवी बसली. डावी त्या मिटलेल्या कानाच्या उंचवट्यावरून घसरली आणि गालावर आली. मी ती परत वर नेली. ती परत खाली आली.

"कसं वाटतंय, मामा?"

"मागनं कुनी तरी मान धरल्यागत वाटतंय," मामा म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनी दुरुस्ती केली. "पन बरं हाय. धरू दे."

पैलवानाला काही विचारायचा अर्थ नसतो, कारण दुखतंय असं तो म्हणत नाही. मामा दोन दिवस हेडफोन लावून बसले. घर शांत. अण्णा जिन्यात भेटले तेव्हा हात जोडून हसले. मी सुद्धा कचेरीत जरा ताठ चालायला लागलो. तिसऱ्या दिवशी जेवताना संयोगिताच्या लक्षात आलं की आप्पा एकाच बाजूने चावतायत. तिने उठून कान बघितला. डावा कान लालभडक झाला होता आणि मागची कातडी सोलवटली होती.

"आप्पा, सांगायचं न्हाई का?"

"त्यात काय सांगायचं. कानाची मेहनत चाललीया. हुईल सवय."

त्या रात्री मी हेडफोन परत करायचं ठरवलं. परत पाठवायचं कारण त्यांनी दिलेल्या पर्यायांतून निवडायचं होतं. वस्तू लहान आहे, वस्तू चुकीची आली, वस्तू बिघडलेली आहे, विचार बदलला. 'कान मोडलेले आहेत' असा पर्याय नव्हता. मी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगा हिंदीत म्हणाला, "सर, प्रॉडक्ट डॅमेज है?"

"नहीं," मी म्हणालो. "प्रॉडक्ट अच्छा है. कान डॅमेज है."

 "सर, डॅमेज का फोटो अपलोड कर दीजिए."

आता इथे माझं चुकलं असं संयोगिता म्हणते. फोटो मागितला, मी पाठवला. सरकारी माणूस मागितलेला कागद जोडतो, जास्त विचार करत नाही. मामांना खिडकीशी बसवून डाव्या कानाचा चांगला स्वच्छ फोटो काढला आणि पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना फोन आला. कंपनीच्या सुरक्षा विभागातून एक बाई बोलत होत्या. मराठी, आणि बहुतेक पुण्याच्या. आवाजात काळजी होती. "सर, आम्ही फोटो पाहिला. फार वाईट वाटलं. आमच्या वस्तूमुळे इतकी गंभीर इजा यापूर्वी कुणालाही झालेली नाही. पेशंट शुद्धीवर आहेत का?"

पेशंट शेजारीच बसून चहात बटर बुडवत होते. मी समजावून सांगायला लागलो तोवर मामांनी फोन घेतला.

"बोला बाई."

"आजोबा, कान कधीपासून असा झालाय?"

"झाली की चाळीसेक वर्सं."

"पण हेडफोन तर याच आठवड्यात घेतलाय ना?"

"हेडफोन काय करतोय बाई. त्येज्या हातनं हुयाचं न्हाई त्ये. ह्यो कान म्हसवडच्या जत्रंत मोडला." आणि मामांनी ती कुस्ती सुरू केली. समोरचा पैलवान वजनाने कसा दीडपट होता, त्याने कान कसा घासला, रक्त कसं आलं, फेटेवाले वस्ताद कडेला कसे गप्प बसले होते, आणि मग मामांनी एकेरी पट कसा काढला. माझी दाढी अर्धी तशीच वाळली. बाई एका शब्दाने मध्ये बोलल्या नाहीत. कुस्ती संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग जिंकलात?"

"चितपट," मामा म्हणाले.

बाईंनी अभिनंदन केलं. पण नियम तो नियम. इजेचा फोटो एकदा नोंदला गेला की चौकशी होणारच. ती पूर्ण होईपर्यंत हेडफोन वापरायचा नाही, आणि परतही पाठवायचा नाही, कारण तो पुरावा. जपून ठेवा म्हणाल्या. असा निर्णय द्यायला आमच्या खात्याला किमान तीन महिने लागले असते, त्यांनी उभ्या उभ्या दिला. मला त्या कंपनीबद्दल आदर वाटला, पण रविवार जवळ येत होता आणि मामांची ट्रंक भरून दाराशी येऊन बसली होती.

"घट्ट असेल तर सैल करायचा," धनाजीने मधल्या सुट्टीत सल्ला दिला. "डोक्याएवढ्या वस्तूवर चढवून ठेवायचा रात्रभर. पट्टी आपोआप पसरते. चौकशीचं काय घेऊन बसलाय, चौकशा चालूच राहतात."

हे शेवटचं मला पटलं. घरी येऊन मी डोक्याएवढी वस्तू शोधायला लागलो. पुस्तकांच्या गठ्ठ्यावरून तो निसटला. कुकरवर बसला नाही. कळशीवर बसवताना पट्टीतून असा आवाज आला की मी तो घाईने काढला. भोपळा आणायला बाजारात निघालो तेव्हा मामा म्हणाले, "डोस्क्याएवढं पायजे न्हवं? गदा हाय की."

गदा. मामांनी एका मोठ्या मैदानात जिंकलेली, गोल गरगरीत, पॉलिश करून ठेवलेली. हॉलच्या कोपऱ्यात ती दांड्यावर उभी असते आणि दसऱ्याला तिची पूजा होते. तिच्यावर हेडफोन असा चपखल बसला की जणू तिच्यासाठीच मागवला होता. रात्रभर ठेवायचा तो आम्ही विसरलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संयोगिताच्या भिशीच्या बायका आल्या. त्यांना कोपऱ्यात हेडफोन लावून उभी असलेली गदा दिसली. कुणी काही विचारलं नाही. अण्णांच्या पत्नी त्रिशलावहिनींनी मात्र जाताना संयोगिताचा हात हातात घेऊन म्हटलं, "पैलवानांचा लय जीव असंल तिच्यावर. ऐकू दे, आपलं काय जातंय."

तो हेडफोन शनिवारी सकाळी काढला आणि माझं अवसान गळालं. गदेचं डोकं मामांच्या डोक्यापेक्षा मोठं होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पट्टी इतकी पसरली होती की मामांच्या डोक्यावर ठेवला की हेडफोन थेट गळ्यात येई. गाद्याही कुठेतरी सटकून बाहेरच्या बाजूला वळायला लागल्या होत्या. आधी तो घालवत नव्हता, आता तो राहत नव्हता. मी सोफ्यावर बसलो आणि मला खरंच रडू येईल असं वाटलं. संयोगिता स्वयंपाकघरात वडिलांच्या वाटेच्या दशम्या करत होती. 

रविवारी कवठ्याकडे मोठं मैदान होतं. दुपारपासून दिवे लागेपर्यंत कुस्त्या, शेवटची निकाली. गुंडा रात्री जेवून जीप घेऊन येणार होता. जायच्या आधी एवढं एक मैदान ऐकायचं, असं मामांनी ठरवलं. मैदान घरात बसून ऐकायचं असलं तरी त्यांच्या लेखी ते मैदानच, म्हणून त्यांनी ट्रंकेतून फेटा बाहेर काढला. हेडफोन डोक्यावर ठेवून त्यांनी मला तो धरायला लावला आणि वरून फेटा बांधला. फेट्याचे दोन वेढे कानांवरून घेतले. गाद्या जागच्या जागी राहिल्या. पट्टीचा दाब नाही, कापडाचा मऊ आधार. डाव्या कानाची गादी त्यांनी जरा मागे सरकवली.

"आता?" मी विचारलं.

मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ऐकूच आलं नाही. ते लांब कुठेतरी बघत हसत होते. संयोगिता दारातून हे बघत होती. तिने माझ्याकडे बघून पहिल्यांदा आठवड्याभरात मान डोलावली. मला वाटलं, जमलं.

मग मामा ओरडले.

"पट काढ! आरं, पट काढ की!"

ज्याचे कान फेट्यात बांधलेले असतात त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हे चार रात्रींच्या अभ्यासात मला कुठेही सापडलं नव्हतं. एरवी निवेदकाच्या आवाजापुढे मामा गप्प असत. आता निवेदक फक्त त्यांच्या कानात होता आणि बाकी सगळ्या इमारतीला मामाच ऐकू येत होते. "धर! मान धर! सोडू नको त्येला!" मी खांद्याला हात लावून खुणा केल्या. ते चपापून गप्प बसत आणि पुढच्या कुस्तीला पुन्हा सुरू होत. जिन्यातली दारं उघडल्याचे आवाज आले. दिवस कलायला लागला, अण्णांच्या संध्याकाळच्या सामायिकाची वेळ झाली आणि नेमकी शेवटची कुस्ती लागली. ती सुटता सुटेना. मामा अर्धे उठून उभे होते. "आत्ता न्हाई तर कवा! घाल ढाक! घाल!"

मी मनातल्या मनात अण्णांसाठी माफीची वाक्यं जुळवली. बेल वाजली तेव्हा ती माझ्या तोंडात तयार होती. दारात अण्णा उभे होते, सामायिकाच्या पांढऱ्या वस्त्रात तसेच.

"अण्णा, काय सांगू तुम्हाला, आज शेवटचा दिवस. रात्री ते जाणारच आहेत..."

"त्ये राहू द्या," अण्णा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "सामायिक पुरं केलं मी. उठलो न्हाई. पण दोन घटका निस्तं 'धर, धर' ऐकतोय. कुणी कुणाला धरलंय ते कळंना. त्येच्या आदी सगळं तरी ऐकू येत होतं. सांगा आदी, सुटली का कुस्ती?"

मामांनी अण्णांना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. घाईघाईने त्यांनी फेटा सोडला. हेडफोन घसरून हातात आला. "अण्णा, चुकलं बगा," ते म्हणाले. "गुंडा आला की मी निघतोय. परत तुमच्या जपाला तरास न्हाई."

"कुस्ती," अण्णा म्हणाले.

"आं?"

"कुस्ती चालू हाय का न्हाई अजून?"

"हाय की. येका हातावर आलाय गडी."

आता हेडफोन काढून आवाज फोनवर घ्यावा, तर त्याचा ब्लूटूथ कसा तोडायचा हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मी फोनवर दोन-चार ठिकाणी बोट लावलं तर चित्रच गेलं. दोघेही एकदम माझ्या अंगावर आले. "हात लावू नका, पावणं!" चित्र परत आलं. वेळ नव्हता. मामांनी सोफ्यावर बाजूला सरकून जागा केली, अण्णा टेकले. गदेने पसरवलेला तो हेडफोन मामांनी दोघांच्या मधे उभा धरला. बाहेरच्या बाजूला वळलेल्या गाद्या, एक इकडे, एक तिकडे. एका गादीला मामांनी आपला शाबूत उजवा कान लावला आणि दुसरीला अण्णांनी डावा. दोन पिकलेली डोकी, मधे तो वाकडा हेडफोन. मोडलेला कान बाहेरच्या बाजूला, मोकळ्या हवेत.

"कुठला गडी खाली हाय?" अण्णांनी डोळे मिटून विचारलं.

"निळी लांग नेसल्याला."

ओरडण्याआधी मामांचा हात वर गेला. अण्णांनी तो अलगद खाली दाबला. कुस्ती मग बराच वेळ चालली. दोघे हलले नाहीत. एकदा संयोगिताने दिवा लावला, तोही त्यांना कळला नाही. मी समोरच्या खुर्चीत बसून बघत होतो आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. 

शेवटी दोघांनी एकदम श्वास सोडला. "चितपट," अण्णा म्हणाले.

"घिश्श्याच्या डावावर घेतला," मामा म्हणाले. "कान दुखला का तुमचा?"

"न्हाई. तुमचा?"

मामांनी डाव्या कानाला हात लावून बघितला, जणू तो तिथे आहे हे त्यांना आत्ताच आठवलं. "न्हाई की," ते म्हणाले. "धा तास बसलो तरी दुखायचा न्हाई आता."

अण्णांनी घसा साफ केला. उद्या बोरगावला मैदान आहे का, असं त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं. हाय की, पन तुमचं सामायिक हुईस्तवर मी लावत न्हाई, मामा म्हणाले. एकट्याला त्यो हेडफोन येतोय कुटं कानावर.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. गुंडाचा होता. लग्नाचं जेवण आटोपलं, जीप काढू का विचारत होता. संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात दशम्यांचा डबा होता. ब्लूटूथमुळे गुंडाचा आवाज हेडफोनमधून येत होता, त्यामुळे मामांबरोबर अण्णांनीही कान लावून तो ऐकला.

"न्हाई रं, आज न्हाई," मामा म्हणाले. "कसं यिऊ? आमच्यात पावणं आल्यात."

मला ते ऐकू आलं, पण कळायला जरा वेळ लागला. संयोगिताला लगेच कळलं. तिने डबा तिथेच ओट्यावर ठेवला, दाराशी आली, ट्रंक उचलली आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. ती परत बाहेर आली नाही. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला. मी हॉलमध्ये उभाच होतो. 

मामांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"जयराज," ते म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. "अण्णा दीस बुडाल्यावर काय घेत न्हाईत. मला तेवढा च्या टाक."

मी चहा टाकायला गेलो.